कशिद्याची लिली

गेल्या महिन्यात मोबाइलवरच्या एका बागप्रेमींच्या गटातून मला काढून टाकलं. कारण एवढंच, की कुणा बाईंनी आपल्या लिलीच्या पानांचा फोटो टाकला होता. हिरव्यावर पिवळट-पांढुरके फराटे, आणि खाली लिहिलेलं, ‘माझ्याकडची दुर्मीळ जात! कुणाला कांदे हवेत?’ मागणाऱ्यांची रांग लागली. मी लिहिलं, ‘ही जात नाही, रोग आहे. उपटा, जाळा, कुणालाही देऊ नका.’ बाईंनी रडका चेहरा टाकला, चौघांनी मला नम्रतेवर व्याख्यान दिलं, आणि मी पुन्हा तेच लिहिलं, जरा आवाज चढवून म्हणावं तसं. संध्याकाळपर्यंत मी गटाबाहेर. सून म्हणाली, “आई, गोड बोलून सांगायचं ना.” या एका बाबतीत मला गोड बोलता येत नाही, आणि ते का, हे लिहून ठेवावं म्हणून बसले आहे. बसले म्हणायचं आपलं. दोन ओळी झाल्या की उठते, अकोल्याच्या या गच्चीवरच्या कुंड्यांची पानं उलटी करून मावा, म्हणजे रस शोषणारी कीड, पडलाय का बघते, परत येते, चष्मा कुठं ठेवला ते शोधते.

अमरावतीचं आमचं घर म्हणजे दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, वर पत्रे आणि मागं घराएवढंच अंगण. माणसं तीन: माय, बाबा आणि मी. बाबा एसटीत कंडक्टर होते, मोर्शीच्या गाडीवर. त्यांच्या हाताला तिकिटाचा पंच वाजवायची इतकी सवय झाली होती की घरी बसल्यावरही टकटक, टकटक चालायचं. जेवणाला उशीर झाला की त्याचा वेग वाढायचा. माय चुलीपुढून ओरडायची, “वाजवा अजून, भाकर काही लवकर फुगत नाही त्यानं.” ती स्वतः मात्र एका जागी कधी बसली नाही. भाकरी थापता थापता उठून अंगणात जाईल, पिठाच्या हातानं लिलीचं एखादं सुकलेलं पान खुडेल, तोवर तव्यावरची भाकर काळी, मग “निमे, डोये फुटले का तुहे?” म्हणून माझ्यावर जाळ. आमच्या घरी प्रत्येक भाकरीला एक करपलेली कड असायचीच. सासरी आल्यावर मला कितीतरी दिवस न करपलेली भाकर बेचव लागायची. माझं बूड टेकत नाही असं सगळे म्हणतात, ते मायकडूनच आलं आहे.

तिसरा आवाज भिंतीपलीकडचा. आमच्या आणि शेजारच्या अंगणात कमरेएवढी भिंत होती आणि पलीकडे वच्छलाकाकू एकटी राहायची. तिच्याकडे हातानं फिरवायचं शेवयांचं मशीन होतं, लाकडी बाकाला आवळून बसवलेलं. होळी झाली की गल्लीतल्या बाया ओल्या फडक्यात पिठाचे गोळे घेऊन यायच्या आणि दीड-दोन महिने ते मशीन खडखडत राहायचं. काकूचं वर्ष त्या दीड-दोन महिन्यांवर निघायचं. उरलेल्या दिवसांत थोडं शिवणकाम. तिचा नवरा मी तिसरीत असताना गेला. मूलबाळ नव्हतं. माय नवी नवरी म्हणून आली त्या पहिल्या उन्हाळ्यात काकूनंच तिला भिंतीवरून लिलीचा एक कांदा दिला होता. ‘लाव बाई. माहेरची याद आली का पाह्यत जाय याच्याकडं,’ असं म्हणाली होती म्हणे. त्या एका कांद्याचे मायनं पाच-सहा वर्षांत वाफे केले. भांडी घासल्याचं पाणी त्यांना जायचं. उन्हाळा लागला, की पानांच्या आधी पोकळ जाड दांडे वर यायचे आणि त्यांवर लालभडक भोंगे फुलायचे, एका दांड्याला चार-चार. बाहेर जमीन भाजत असायची आणि मोरीच्या कडेला हा थाट. येणारा-जाणारा थांबून बघायचा आणि माय अशी काही उभी राहायची की जणू तिचाच फोटो काढताहेत.

त्या दोघींचं भिंतीवरून सगळं चालायचं. ताक, आंबाडीची भाजी, उसनी हळद, सासरच्या माणसांच्या चुगल्या. फक्त काकूचा नवरा गेल्यापासून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलावणं नसायचं. माय वाईट बाई नव्हती. रीतच तशी होती, आणि रीत म्हटलं की आमच्याकडे पुढचा प्रश्न संपतो. सवाष्णी येऊन गेल्या, की दिवेलागणीला माय माझ्या हाती तिळगुळाची वाटी द्यायची, “जाय, काकूले देऊन ये.” मी द्यायचे. काकू माझ्या तळहातावर गुळाचा खडा ठेवायची. यात काही खटकण्यासारखं आहे हे मला तेव्हा कळलं नाही. मी हुशार मुलगी म्हणून गल्लीत प्रसिद्ध होते.

त्याच हुशारीवर बारावीनंतर अकोल्याला शेतकी कॉलेजात गेले. “माही पोट्टी झाडाची डॉक्टर होणार,” असं माय दळणाच्या रांगेतसुद्धा सांगायची. पहिल्या दिवाळीला घरी जाताना तिला काहीतरी न्यावं असं फार वाटत होतं. कॉलेजच्या रोपवाटिकेमागं एक खड्डा होता, त्यात उपटलेली झाडं टाकत. तिथं मला ती दिसली. फुटक्या कुंडीतून अर्धी बाहेर आलेली लिली, आणि तिची पानं! गर्द हिरव्यावर फिकट हिरवे, पिवळे, पांढुरके ओघळ, कुठं ठिपके, कुठं बारीक रेघा, जसा कुणी सवडीनं कशिदा काढावा. अशी लिली अख्ख्या अमरावतीत नव्हती. कोण एवढा अरसिक की ही फेकून दिली, असं माझ्या मनात आलं. का फेकली असेल, हे मात्र आलं नाही. जुन्या वर्तमानपत्रात मातीसकट गुंडाळली आणि एसटीत अकोल्यापासून अमरावतीपर्यंत मांडीवर घेऊन बसले. घरी मायनं विचारलं, “कुठून आणली वं?” उकिरड्यावरची असं सांगायला जीभ रेटेना. म्हणाले, “सरांनी दिली.” एवढंसं खोटं. ते बोलायला काहीच कष्ट पडले नाहीत.

मायनं ती वाफ्याच्या मधोमध लावली आणि गल्लीभर सांगितलं, अकोल्याच्या सरानं निमीले कशिद्याची लिली देल्ली. बाया बघायला आल्या. वच्छलाकाकूनं भिंतीवरून पाहिली आणि म्हणाली, “पान बेस हाय, पण मरतुकडं वाटते बाई.” मायला राग आला. मला तर जास्तच आला.

संक्रांत आली. आमच्याकडे हळदीकुंकवाला आलेल्या सवाष्णींना काही ना काही वस्तू वाण म्हणून देतात, त्याला वाण लुटणं म्हणतात. तेव्हा प्लास्टिकची लाट होती. कुणी चहाची गाळणी लुटायची, कुणी साबणदाणी. माय कावून गेली होती. “वर्साले धा गाळण्या येतात घरात. चहा येक अन् गाळण्या धा! औंदा मी लिलीचे कांदे लुटीन. लावतील तं फुलं तरी दिसतील गल्लीत.” थंडीत लिलीची पानं वाळून जातात, कांदा मातीत निजलेला असतो, तोच उपटायचा मोसम. मी सुट्टी काढून आले होते. माय वाफा खणत होती आणि मी पावशीपुढं बसले होते. पावशी म्हणजे आमची भाजी चिरायची विळी. कांद्याची वाळकी मान कापायची, मुळ्या छाटायच्या, बाजूला फुटलेली पिल्लं पात्यावर धरून वेगळी करायची. “मधल्या कशिद्यापासून सुरू कर, ते शुभ हाय,” माय म्हणाली. म्हणून पहिला कांदा तो. पात्याला चिकट रस लागला. मी तो पुसला नाही. पुढचा कांदा त्याच पात्यावर, त्याच्या पुढचा त्याच पात्यावर, असे सगळे. थोरले कांदे माय परत वाफ्यात लावत होती, पिल्लं वाटायला बाजूला ठेवत होती. झाडाच्या डॉक्टरीणबाई! गल्लीतल्या प्रत्येक सवाष्णीच्या पदरात तिळगुळासोबत कागदाच्या पुडीतला एकेक कांदा पडला. संध्याकाळी मी काकूकडं तिळगुळाची वाटी घेऊन गेले. कांदा नव्हता, कारण कांदा वाण होता, आणि वाण सवाष्णीचं.

पावसाळ्यात घरोघरी नवी पानं आली ती कशिदा घेऊन. गल्ली हरखून गेली! कोपऱ्यावरच्या घरातली सिंधूकाकू, जिला गल्लीतली प्रत्येक गोष्ट सगळ्यात आधी कळायची, ती तर मायला म्हणाली, “तुह्या हाताले गुण हाय बाई. साध्या कांद्याचं नक्षीदार झालं.” माय ते मला सणाला आल्यावर दहादा सांगत होती. मलाही वाटलं, असेल, जात पसरत असेल. आज हे लिहिताना कान गरम होतात.

मग हिवाळ्यात वनस्पतींच्या रोगांचा विषय सुरू झाला. सर दोन बोटांत खडू फिरवत शिकवायचे. त्यांनी आधी भेंडीचं पिवळ्या शिरांचं पान दाखवलं. “याला शेतकरी केवडा म्हणतो. नाव बघा किती सुंदर, आणि शेंग एक हाती लागत नाही.” मग पिशवीतून दुसरं, पावसाळ्यात दाबून ठेवलेलं पान काढलं. मी ते पिशवीतून पुरतं निघायच्या आधीच ओळखलं. सर म्हणाले, “लिली. हा विषाणू आहे. पानावर जेवढा रंग भरतो, तेवढा कांद्यातला जीव काढतो. औषध नाही. उपटायचं आणि जाळायचं, जागा एक मोसम रिकामी ठेवायची. पसरवतो कोण? मावा. एका झाडाचा रस पिऊन दुसऱ्यावर जातो. पण माव्यापेक्षाही मोठा गुन्हेगार हा.” आणि त्यांनी कलमाचा चाकू वर धरला. “प्रत्येक कापानंतर पातं तापवलं नाही, तर तुम्ही झाडाला इंजेक्शनच देताय.” शेवटी जाता जाता म्हणाले, “मागच्या वर्षी अशी एक कुंडी मी खड्ड्यात टाकली होती. जाळायला गेलो तर गायब! कुणाच्या तरी बागेचं वाटोळं झालं असेल एव्हाना.” वर्ग हसला. मीही हसले, कारण हसले नसते तर शेजारणीनं माझ्याकडं पाहिलं असतं.

त्या रात्रीपासून मी मायला पत्र लिहायला घ्यायचे आणि ‘ति. मायस’च्या पुढं जायचे नाही. संक्रांतीला अभ्यासाचं निमित्त करून घरी गेले नाही. परीक्षा आली, गेली. वसतिगृहाच्या आवारात मी इतक्या चकरा मारायचे की रखवालदारानं विचारलं, काही हरवलं का बाई. एप्रिलमध्ये घरी गेले. दारात चप्पल काढतानाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. बाबांचा पंच वाजत होता, स्टोव्ह फरफरत होता, पण भिंतीपलीकडून आवाज नव्हता. भर उन्हाळा, शेवयांचे दिवस, आणि मशीन गप्प. विचारलं तर माय म्हणाली, “बाया जात नाहीत तिच्याकडं औंदा,” आणि उठून मागं गेली. मी पाठोपाठ. आमच्या वाफ्यात वीतभर उंचीचे दांडे होते, कळ्या अर्धवट उघडलेल्या, लाल रंगावर विटलेले पांढरे पट्टे. काही कांदे नुसतेच कुजून बसलेले. भिंतीपलीकडं काकूच्या लिली हातभर दांड्यांवर भडकून फुलल्या होत्या.

माय हळूच म्हणाली, “साऱ्या गल्लीची अशी गत हाय. येक तिचीच कशी तरारली? सिंधू म्हणते, वाण नाही भेटलं म्हणून तळतळाट लागला तिचा. नजर लावली.”

“अन् तू काय म्हणतेस?”

“मी काही नाही म्हणत.” मग एक विटकी कळी खुडून, “पण मी बी नाही गेली शेवया घेऊन.”

“माय, हा रोग हाय. वायरस म्हणतात त्याले. नजरबिजर काही नाही.”

“मंग तिच्या घरी काहून नाही आला? तुह्या वायरसले भित चढता येत नाही का?”

उत्तर माझ्या जिभेवर होतं. तिच्याकडं आला नाही, कारण तू तिला वाण दिलं नाहीस. आणि वाणात रोग होता, कारण तो मी आणला, उकिरड्यावरून, आणि माझ्याच हातानं कांद्याकांद्यात घातला. आमच्या घरातल्या दोन्ही चुका त्या एका उत्तरात होत्या. मी म्हणाले, “मले नाही माहीत.” हे दुसरं खोटं पहिल्यासारखं सोपं गेलं नाही.

पुढचे तीन दिवस मी घरात नुसती फिरत होते. मायनं माझ्यासाठी गोळाभात केला, वर फोडणीचं तेल, सोबत चिंचेचं सार, माझा आवडता, आणि दोन घासांच्या पुढं जाईना. सारखी मागं जायचे. काकू सकाळी चुलीची राख चाळून आपल्या लिलीच्या दांड्यांवर आणि बुडाशी नव्यानं फुटणाऱ्या पानांवर भुरभुरायची, पानं फडक्यानं पुसायची. माव्याला तिच्याकडं थारा नव्हता तो त्यामुळं, हेही मला तेव्हाच कळलं. मग ती आत जाऊन मशीनवरचं फडकं काढायची, मशीन पुसायची आणि फडकं परत घालायची. दारात कुणी यायचं नाही. मला बघून म्हणाली, “आली का निमे? वाळून गेली वं पोट्टी.” तिनं तक्रार केली असती, शिवी दिली असती तरी चाललं असतं. बाबा ओट्यावर बसून सगळं बघत होते. तिसऱ्या दिवशी पंच थांबवून म्हणाले, “निमा, बिनतिकिटाचा माणूस मी लांबूनच ओळखतो. सीट भेटली तरी बसत नाही, सारखा दाराकडं पाह्यते. येकदा फाडून घे तिकीट. पुढचा परवास सुखाचा होते.” काय झालंय ते त्यांनी विचारलं नाही. शेवटपर्यंत कधी विचारलं नाही.

चौथ्या दिवशी आमच्या अंगणात कुरड्यांचा घाट होता. गव्हाचा चीक शिजवलेला, बाजेवर धोतर पसरलेलं, चार-पाच बाया सोऱ्या घेऊन बसलेल्या, मधे माय. गप्पा फिरून फिरून भिंतीशी येत होत्या. भिंत कमरेएवढी, पलीकडं सगळं ऐकू जातं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सिंधूकाकू मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, “भितीवर बाभळीच्या काट्या टाक बाई. अन् निंबू बांध. नाही तं पुढच्या साली तुहं घर बी वाळन.” मी उठले. खुरपं घेतलं आणि वाफ्यात शिरून मधला कशिद्याचा कांदा उपटून बाहेर फेकला. मग दुसरा, तिसरा. माय ओरडत आली, “बावरली काय वं पोट्टी?”

आणि मी बोलले. भिंतीपलीकडं जावं एवढ्या मोठ्यानं. की हा रोग मी आणला. सरांनी दिली नव्हती, कॉलेजच्या उकिरड्यावरून उचलली होती, रोगी म्हणूनच फेकलेली. की पावशी न धुता मी सगळे कांदे कापले आणि आपण रोग वाण म्हणून लुटला. “अन् वच्छलाकाकूले आपण वाण नाही देल्लं, म्हणून तिची लिली वाचली. बस, येवढीच तिची नजर.”

मायचा हात माझ्या गालावर बसला. हाताला कुरड्यांचा गरम चीक होता, तो गालावर तसाच राहिला आणि उन्हात कडक होत गेला. मी पुसला नाही. ती म्हणाली, “उकिरड्यावरची? मी देवावानी मधात लावली ते!” आणि मग एकदम आवाज उतरून, “सरानं देल्ली म्हणली होतीस तू मले.” रोगाचं नाही, गल्लीचं नाही, तिला त्या एका वाक्याचं लागलं. पुढं तीस वर्षं ती माझ्या कुठल्याही गोष्टीवर ‘खरं ना?’ असं विचारून घ्यायची, साध्या रेल्वेच्या वेळेवरसुद्धा.

बाया उठून गेल्या. कुरड्या अर्ध्याच राहिल्या. मायनं बाजेवरच्या सोऱ्या गोळा केल्या. मग तिनं हात धुतले आणि बाबांना म्हणाली, “उद्या नांदगाव पेठच्या बाजारातून गाळण्या आणा. घरं मोजून आणा.” मला वाटलं ऊन लागलं हिला. दुसऱ्या दिवशी तिनं टोपली घेतली, मला सोबत घेतलं आणि घरोघर गेली. लुटलेलं वाण परत मागणारी बाई आमच्या गल्लीनं तोवर पाहिली नव्हती. ते अशुभ. माय दारात उभी राहून एकच वाक्य म्हणायची, “वाण वापस नाही नेत बाई, बदलून देतो. माह्या पोरीच्या हातून खराब निंगालं,” आणि हातात ती नावडती प्लास्टिकची गाळणी ठेवायची. कुणी चहा पाजला, कुणी कुंडीसकट कांदा दिला, कुणी आतूनच ‘घेऊन जा’ म्हटलं. मी प्रत्येक अंगणात खणत होते, एकही पिल्लू मातीत राहू नये म्हणून बोटांनी माती चाळत होते. सिंधूकाकूनं मात्र दिला नाही. “देल्लेलं सौभाग्य कोणी वापस मागते काय? माहा कांदा मी ठेवतो,” म्हणून तिनं दार लावलं. कांदे जळता जळत नाहीत, ओले असतात. म्हणून सगळे उभे चिरून पत्र्यावर टाकले. वऱ्हाडातल्या उन्हानं आठवड्यात त्यांचे पापड केले, मग गोवऱ्यांवर जाळले. पावशीचं पातं बाबांनी लाल होईपर्यंत विस्तवात धरलं.

घरोघरचे कांदे गोळा केले त्याच संध्याकाळी माय ओल्या फडक्यात पिठाचा गोळा घेऊन काकूच्या दारात गेली. भिंतीवरून नाही, रस्त्यानं, पुढच्या दारानं, सगळ्यांना दिसेल असं. मी मागं होते. काकू बाकावर बसली होती.

“वच्छला, शेवया करून देतेस?” माय म्हणाली.

काकूनं गोळा हातात घेऊन दाबून पाहिला. “सैल हाय. तुहं पीठ नेहमीच सैल.” मग मायकडं न बघता म्हणाली, “आयकलं मी सारं. तू मले वाण नाही देल्लं म्हणून माही लिली वाचली. बेस रीत हाय बाई तुमची. चालू ठेव.”

मी काकूचे पाय धरायला वाकले तर तिनं पाय मागं घेतले. “रडून शेवया होत नाहीत. दांडा धर, फिरव. अन् तोंड बंद ठेव.” मी फिरवू लागले. मशीन खडखडलं. पुढचे पंधरा दिवस मी रोज फिरवलं, खांदे भरून येईपर्यंत. पहिले दोन-तीन दिवस फक्त आमचंच पीठ होतं, आणि माय रोज थोडं थोडं भिजवत होती, मशीन बंद राहू नये म्हणून. त्या वर्षी आम्ही दिवाळीपर्यंत शेवया खाल्ल्या. मग एकेक बाई येऊ लागली, आधी मागच्या दारानं, मग पुढच्या. सिंधूकाकू सोडून.

पावसाळाभर आमचा वाफा रिकामा होता. चुकून राहिलेलं पिल्लू उगवलं की माय तिथं काडी खोचून ठेवायची आणि मी अकोल्याहून आले की उपटायचे. त्या काळ्या मातीकडं बघून तिच्या जिवाची तगमग व्हायची. भाकरी टाकून उठायची, मागं जायची, खुडायला काही नसायचं, परत यायची. त्या दिवसांत भाकरी करपल्या नाहीत. बाबा म्हणायचे, “चव गेली घराची.”

संक्रांतीला मायनं सकाळीच काकूला हळदीकुंकवाचं बोलावणं केलं. काकू म्हणाली, “पाहू.” आली नाही. संध्याकाळी घर सवाष्णींनी भरलं, वाणाला साखरेच्या हलव्याच्या पुड्या होत्या, सिंधूकाकूही सवयीनं आली होती. माय सारखी दाराकडं बघत होती. बाया उठायच्या बेतात होत्या तेव्हा काकू आली. साधं धुवट लुगडं, कपाळ मोकळं, हातात कागदाची पुडी. ती उंबऱ्याच्या आत आली आणि हळदीकुंकवाच्या ताटाकडं न बघता सरळ मायपुढं उभी राहिली.

“पसर पदर. वाण हाय.”

विधवेच्या हातचं वाण सवाष्णीनं घ्यायचं नसतं. ते तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं, मायला तर सगळ्यांत जास्त. बाहेर ओट्यावर बाबांचा पंच थांबला. मायनं दोन्ही हातांनी पदर पसरला, आणि काकूनं त्यात पुडी सोडली. आत एक कांदा होता, घट्ट, स्वच्छ, मुळ्या न कापलेला. तिनं तो हातानं सोडवला होता, पातं लावलंच नव्हतं. माय पदर धरून तशीच उभी राहिली आणि रडू लागली.

शेवटी सिंधूकाकूनंच पदराचं टोक चाळवलं. “अन् मले वं, वच्छला?”

काकूनं तिच्याकडं पाहिलं. रागानं नाही, मशीनवर पीठ आणलेल्या बाईकडं बघावं तसं.

“तुले पुढच्या साली. आधी तुह्याजवळचा तो कांदा उपट, जाळ, अन् जागा रिकामी राहू दे.”